क्रॅश बँडिकूट परतल्यावर खेळाडू काय म्हणतात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

व्हिडिओ गेमची जुनी मालिका नव्याने आली की प्रश्न दोन बाजूंनी येतात. एका बाजूला लहानपणी ती रात्र रात्र खेळलेले लोक, दुसऱ्या बाजूला नारिंगी रंगाचा तो प्राणी फक्त चित्रात पाहिलेले. मी पहिल्यांपैकी आहे, पण गेल्या काही वर्षांत दुसऱ्या गटातल्या बऱ्याच जणांच्या शेजारी बसून त्यांना खेळताना पाहिलंय. खालची उत्तरं त्या दोन्ही अनुभवांतून आली आहेत.

क्रॅश परत आला म्हणजे नेमकं काय झालं?

पहिला ‘क्रॅश बँडिकूट’ १९९६ साली पहिल्या प्लेस्टेशनवर आला. अँडी गॅव्हिन आणि जेसन रुबिन यांच्या नॉटी डॉग कंपनीने तो बनवला. १९९७ ला ‘कॉर्टेक्स स्ट्राइक्स बॅक’, १९९८ ला ‘वॉर्प्ड’ आणि १९९९ ला ‘क्रॅश टीम रेसिंग’ असे चार वर्षांत चार गेम देऊन नॉटी डॉग दुसऱ्या कामाकडे वळली. पात्राचे हक्क तिच्याकडे नव्हते, ते युनिव्हर्सल कंपनीकडे होते. पुढे वेगवेगळ्या हातांनी गेम बनत राहिले. त्यातले काही चांगलेही होते, पण प्रत्येक वेळी क्रॅशची चाल थोडी बदलायची. २००८ च्या ‘माइंड ओव्हर म्यूटंट’नंतर टीव्हीवर खेळायचा क्रॅश जवळजवळ गायबच झाला.

२०१६ मध्ये तो दोन ठिकाणी डोकावला. ‘स्कायलँडर्स इमॅजिनेटर्स’मध्ये पाहुणा म्हणून, आणि नॉटी डॉगच्याच ‘अनचार्टेड ४’मध्ये, जिथे नायक टीव्हीसमोर बसून क्रॅशची जुनी लेव्हल खेळतो आणि ती आपल्यालाही खेळता येते. खरं पुनरागमन झालं ३० जून २०१७ ला. व्हिकेरियस व्हिजन्सने पहिले तीन गेम नव्याने बांधले आणि ते ‘एन. सेन ट्रिलॉजी’ या नावाने प्लेस्टेशन ४ वर आले. वर्षभराने एक्सबॉक्स वन, स्विच आणि पीसीवरही आले. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये टॉइज फॉर बॉबने चौथा भाग काढला, ‘इट्स अबाउट टाइम’.

जुने खेळाडू म्हणतात की ‘उडी बदलली’. हे खरं आहे की नुसता आठवणींचा खेळ?

खरं आहे. आणि ज्याला हे कळतं त्याला पहिल्या पाच मिनिटांतच कळतं.

गेममधल्या प्रत्येक पात्राभोवती न दिसणारा एक आकार असतो. पाय जमिनीला टेकले की नाही, शत्रूचा धक्का लागला की नाही, हे सगळं तो आकार ठरवतो. मूळ गेममध्ये क्रॅशच्या पायाखालचा तो आकार सपाट तळाच्या खोक्यासारखा वागायचा. टोकाचा एक कोपरा जरी कडेवर पडला तरी क्रॅश उभा राहायचा. नव्या गेममध्ये तो कॅप्सूलसारखा, तळाशी गोल आहे. गोल तळ कडेवर पडला की घरंगळतो. म्हणजे जी उडी १९९६ मध्ये ‘बचावलो’ म्हणून संपायची, ती २०१७ मध्ये ‘घसरलो’ म्हणून संपते.

दुसरी गोष्ट म्हणजे खाली येण्याचा वेग. नव्या क्रॅशला उडीच्या शिखरावर फार वेळ मिळत नाही, तो लवकर खाली येतो. तिन्ही गेमसाठी ‘वॉर्प्ड’मधली हालचाल पाया म्हणून घेतली, हे बनवणाऱ्यांनी स्वतः सांगितलं होतं. काही उड्या आता जास्त नेमक्या माराव्या लागतील हेही त्यांनी मान्य केलं होतं. तिसऱ्या भागाच्या लेव्हल त्या हालचालीसाठीच आखलेल्या असल्याने तिथे फारसं खटकत नाही. पहिल्या भागातली अंतरं मात्र वेगळ्या उडीसाठी मोजलेली आहेत. त्यामुळे सगळ्यात साधा दिसणारा पहिला भागच सगळ्यात जास्त जीव खातो.

मला स्वतःला यात एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. डोळ्यांना चित्र आठवतं, पण अंगठ्याला वेळ आठवते. वीस वर्षांनी कंट्रोलर हातात घेतला तेव्हा मला कुठली लेव्हल कुठल्या क्रमाने येते ते आठवत नव्हतं, पण दुसऱ्या खड्ड्यापाशी अंगठा आपोआप बटणावर दाबला गेला. दाबला अगदी जुन्याच क्षणी, आणि क्रॅश खड्ड्यात. बटण थोडं उशिरा, अगदी कडेला आल्यावर आणि पूर्ण दाबून धरायचं, हे हाताला पुन्हा शिकवायला मला दोन-तीन संध्याकाळी लागल्या. ज्यांनी जुना गेम कधी खेळला नाही त्यांना ही अडचण येतच नाही. म्हणूनच नव्या लोकांना गेम ‘कठीण पण सरळ’ वाटतो आणि जुन्यांना ‘काहीतरी चुकलंय’ असं वाटतं. दोघांचंही म्हणणं बरोबर आहे.

‘द हाय रोड’च्या पुलावर सगळेच का अडकतात?

ही पहिल्या भागातली लेव्हल. धुक्यात लटकणारा दोरीचा पूल, त्यावर एकेक फळी, मधे मोठी अंतरं. काही फळ्या पाय पडला की कोसळतात, काहींवर बर्फ असल्याने पाय घसरतो. समोरून डुकरं धावत येतात. काही ठिकाणी कासवाला उलटं करून त्याच्या पोटावरून उसळी घ्यावी लागते. वर सांगितलेली उडी आणि गोल तळ यांची सगळ्यात कडक परीक्षा इथे होते, कारण प्रत्येक फळी म्हणजे कडच असते.

पूल सरळ पडद्याच्या आत जातो, त्यामुळे पुढची फळी किती लांब आहे हे नजरेला नीट कळत नाही. क्रॅशची सावली हाच एकमेव आधार. डोळे क्रॅशवर न ठेवता त्या सावलीवर ठेवा, एवढ्याने निम्मं काम होतं.

आणि एक गोष्ट जी फार थोडे जण आधी सांगतात: इथे कंट्रोलरवरची अॅनालॉग स्टिक (अंगठ्याने फिरवायची दांडी) सोडा आणि डी-पॅड, म्हणजे चार बाणांची बटणं, वापरा. १९९६ मध्ये पहिला गेम आला तेव्हा प्लेस्टेशनच्या कंट्रोलरला स्टिक नव्हतीच. या लेव्हल चार बाणांच्या बटणांसाठी आखलेल्या आहेत. वरचं बटण दाबलं की क्रॅश नाकासमोर सरळ जातो, स्टिकवर मात्र अंगठा केसभर कलला तरी तो तिरका जातो. पुलाच्या दोन्ही बाजूंच्या दोरांवरून चालत जाण्याची जुनी युक्ती नव्या गेममध्येही जमते, पण दोरावर टिकणं आता कठीण आहे. मी ती युक्ती वापरून पार झालो आणि नंतर मन खात राहिलं म्हणून पुन्हा फळ्यांवरून गेलो.

मग गेम खरंच इतका कठीण आहे का?

पहिला भाग हो. ‘नेटिव्ह फोर्ट्रेस’, ‘सनसेट व्हिस्टा’, ‘स्लिपरी क्लाइंब’ या लेव्हल लांब आहेत आणि चूक माफ करत नाहीत. दुसरा मध्यम. तिसरा बराच सोपा, कारण प्रत्येक बॉस, म्हणजे टप्प्याच्या शेवटचा मोठा शत्रू, हरवला की क्रॅशला नवी ताकद मिळते. दुहेरी उडी आणि लांब चालणारी गिरकी मिळाल्यावर बहुतेक खड्डे खड्डेच राहत नाहीत.

एका बाबतीत नवा गेम जुन्यापेक्षा खूप दयाळू आहे. १९९६ च्या गेममध्ये हवं तेव्हा सेव्ह करता यायचं नाही. बोनस फेरी पूर्ण केली किंवा जेम (लेव्हलमध्ये बक्षीस म्हणून मिळणारा रत्नाचा खडा) मिळवला तरच सेव्ह किंवा पासवर्डची संधी. बोनस फेरीत खाली पडलं की ती संधी गेली. शिवाय जेमसाठी सगळे बॉक्स फोडायचे तेही एकदाही न मरता. आता साध्या जेमसाठी मेलं तरी चालतं, न मरण्याची अट फक्त रंगीत जेमना आहे. त्या काळी ज्यांनी हे सगळं पूर्ण केलं त्यांच्याबद्दल मला आजही मनापासून आदर वाटतो.

पहिल्यांदाच खेळतोय. तीनपैकी कुठून सुरुवात करू?

दुसऱ्यापासून.

लोक हे ऐकून चमकतात, कारण क्रमाने खेळणं स्वाभाविक वाटतं. पण पहिल्या भागात क्रॅशला फक्त उडी आणि गिरकी येते. दुसऱ्या भागात घसरणं, रांगणं, उंच उडी, पोटावर आपटणं हे सगळं हाताशी येतं आणि लेव्हलही हळूहळू चढत जातात. दुसरा, मग तिसरा आणि हात बसल्यावर पहिला, या क्रमाने मी ज्यांना खेळायला लावलं त्यांच्यापैकी कुणीही अर्ध्यात सोडला नाही. पहिल्यापासून सुरू करणारे बरेच जण पुलापाशी थांबले. कथेचं काही नुकसान होत नाही: डॉक्टर निओ कॉर्टेक्स दुष्ट आहे आणि क्रॅश त्याचाच फसलेला प्रयोग आहे, एवढं ठाऊक असलं की पुरे.

सगळे बॉक्स फोडता येतच नाहीत. माझं काही चुकतंय का?

नाही. पहिल्या दोन भागांत काही लेव्हलमध्ये पहिल्या फेरीत सगळे बॉक्स मिळणं शक्यच नसतं. पुढच्या एखाद्या लेव्हलमधून रंगीत जेम आणला की मागच्या लेव्हलमध्ये त्या रंगाचा मार्ग उघडतो आणि उरलेले बॉक्स तिथे असतात. गेम हे कुठेही नीट समजावत नाही. लेव्हल संपल्यावर न फोडलेले बॉक्स एकेक करून क्रॅशच्या डोक्यावर आदळतात आणि आपल्याला वाटतं की आपणच कुठेतरी झोपलो होतो.

दुसऱ्या भागातली जेमची कोडी तर खास आहेत. ‘टर्टल वूड्स’ या पहिल्याच लेव्हलमधला निळा जेम मिळतो तो एकही बॉक्स न फोडता शेवटापर्यंत गेल्यावर. सगळा गेम ‘बॉक्स फोड, बॉक्स फोड’ म्हणत असताना हे सुचायला हवं! मूळ गेम आला तेव्हा अशी गुपितं तोंडी पसरली. कुणीतरी कुणाला तरी सांगायचं आणि कुणाचा विश्वास बसायचा नाही. नव्या आवृत्तीत ती जशीच्या तशी ठेवली, याचा मला फार आनंद झाला. ज्याने अजून पाहिलं नसेल त्याने लगेच शोधू नये, दोन दिवस डोकं लावून बघावं.

दिसायला कसा आहे? जुना चेहरा टिकला का?

टिकला. मूळ क्रॅश ५१२ पॉलिगॉनचा, म्हणजे तेवढ्याच छोट्या सपाट तुकड्यांचा, होता आणि त्याचं अंग बरंचसं साध्या रंगाच्या तुकड्यांनी बनलेलं होतं, कारण त्या यंत्रात जास्त काही मावत नव्हतं. म्हणूनच त्याचे डोळे, भुवया आणि तोंड एवढे मोठे. लहान टीव्हीवर दुरूनही त्याचा वेडेपणा दिसावा म्हणून. नव्या रूपात अंगावर केस आले, हातमोज्यांवर शिवण दिसते, पण चेहऱ्याचे भाव तेच आहेत. सगळ्यात जास्त कौतुक होतं ते मरण्याच्या दृश्यांचं. देवदूत होऊन वर जाणारा क्रॅश, स्फोटानंतर नुसतेच उरलेले बूट. पंधराव्यांदा मेल्यावरसुद्धा ते बघून राग थोडा उतरतो, आणि कठीण गेमला ही गोष्ट फार उपयोगी पडते.

कोकोने खेळता येतं का?

हो. जुन्या ‘वॉर्प्ड’मध्ये क्रॅशची बहीण कोको ठरावीक लेव्हलपुरतीच होती. नव्या त्रयीत तिन्ही गेममधल्या बहुतेक लेव्हल तिच्याने खेळता येतात, आणि चौथ्यात तर सुरुवातीपासून दोघांपैकी कुणालाही निवडता येतं. चालीत फरक नाही. दिसायला छोटा बदल आहे, पण बऱ्याच जणांनी ‘आता हा माझाही गेम झाला’ असं सांगितलेलं मी ऐकलंय.

‘स्टॉर्मी असेंट’ काय भानगड आहे?

मूळ पहिल्या गेमसाठी बनवलेली, पण अती लांब आणि अती कठीण म्हणून प्रकाशनाआधी काढून टाकलेली लेव्हल. तिचा सांगाडा जुन्या डिस्कवर तसाच पडून होता, जाणकारांना तो माहीत होता. २०१७ मध्ये ती नव्याने बांधून वेगळी जोड म्हणून दिली. पावसात, किल्ल्याच्या भिंतीवरून, आत-बाहेर सरकणाऱ्या पायऱ्यांवर चढत राहायचं. ‘स्लिपरी क्लाइंब’ आवडली असेल तरच जा. २०१८ मध्ये ‘फ्यूचर टेन्स’ नावाची पूर्ण नवी लेव्हलही आली, तिसऱ्या भागाच्या भविष्यकाळाच्या सजावटीत.

चौथा भाग जुन्या तिघांसारखाच आहे का?

आत्मा तोच, अंग मोठं. ‘इट्स अबाउट टाइम’ ही ‘वॉर्प्ड’ची थेट पुढची गोष्ट आहे. वाट पुढे जाते, कधी आडवी वळते, कधी क्रॅश आपल्या दिशेने पळत येतो आणि मागून काहीतरी प्रचंड येत असतं. हे सगळं ओळखीचं आहे. पण लेव्हल दुप्पट-तिप्पट लांब झाल्या आहेत आणि एकाच उडीत दोन-तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात.

त्याचं कारण चार मुखवटे. लानी-लोली वस्तू दाखवतो आणि लपवतो, अकानो क्रॅशला गडद भोवऱ्यासारखं गरगरवतो, कुपुना-वा वेळ मंद करते, इका-इका गुरुत्व उलटं करतो. लानी-लोलीचा पहिला मोठा टप्पा मला नीट आठवतो. समोरची फळी अर्धपारदर्शक, ती घन करायची तर पायाखालची विरघळते. म्हणजे उडी मारायची, हवेत असताना बटण दाबायचं आणि उतरायचं. पहिल्या वेळी मी बटण उडीच्या आधी दाबलं, दुसऱ्या वेळी उतरल्यावर. तिसऱ्यांदा हवेत मधोमध दाबलं आणि पाय टेकले तेव्हा नकळत श्वास सुटला. पुढे शेवटाकडे हेच चारही मुखवटे एकामागून एक हातात येतात आणि विचार करायला वेळच उरत नाही.

उडीचा प्रश्न इथे सुटला का? हो, माझ्या मते पूर्णपणे. टॉइज फॉर बॉबने जुनी उडी परत आणण्याऐवजी नवी उडी बनवली आणि सगळी अंतरं तिच्यासाठीच मोजली. शिवाय हवेत असताना पायाखाली कुठे उतरणार हे दाखवणारं पिवळं वर्तुळ दिलं. ते सेटिंगमधून बंद करता येतं, पण करू नका. हाय रोडवर मी ज्या सावलीकडे टक लावून बघत होतो, तीच इथे नीट उजळून दिली आहे. खड्ड्यात पडल्यावर मला एकदाही ‘गेमने फसवलं’ असं वाटलं नाही. चूक माझी होती आणि ती मला दिसत होती.

मॉडर्न की रेट्रो?

चौथ्या भागात खेळण्याच्या या दोन पद्धती आहेत. माझं उत्तर: मॉडर्न. यात लाइफ मोजल्या जात नाहीत, फक्त किती वेळा मेलात ते दिसतं. रेट्रोमध्ये लाइफ संपल्या की लेव्हल पहिल्यापासून. जुन्या तीन गेमच्या लेव्हल लहान होत्या, तिथे ते चालून गेलं. चौथ्याच्या लांब लेव्हलमध्ये पंचवीस मिनिटांचं काम एका क्षणात वाया जातं. मॉडर्नमध्ये एकाच जागी वारंवार मेलात तर गेम गुपचूप एक धक्का झेलणारा संरक्षक मुखवटा देतो, मधे जादा चेकपॉइंटही टाकतो. ही मदत घ्यायला संकोच वाटू देऊ नका. अशी मदत १९९६ च्या गेममध्येही होती, तेव्हा फक्त कुणाच्या लक्षात येत नव्हती.

चौथ्या भागाबद्दल सगळ्यात मोठी तक्रार कोणती?

पूर्ण करण्याचा डोंगर. आणि ही तक्रार रास्त आहे.

जुन्या गेममध्ये एका लेव्हलमधून साधारण एक-दोन जेम मिळायचे. इथे प्रत्येक लेव्हलमध्ये सहा: तीन वुम्पा फळांच्या प्रमाणावर, एक सगळे बॉक्स फोडल्याबद्दल, एक तीन किंवा त्याहून कमी वेळा मेल्याबद्दल आणि एक लपवलेला. मग तीच लेव्हल आरशातल्यासारखी उलटी करून, वेगळ्या रंगढंगात पुन्हा येते, तिचे आणखी सहा. वर टाइम ट्रायल, म्हणजे घड्याळाविरुद्धची धाव. आणि सगळ्यांत कठोर म्हणजे एकदाही न मरता सगळे बॉक्स फोडल्यावर मिळणारं रेलिक नावाचं बक्षीस. टक्क्यांचा आकडा १०६ पर्यंत जातो.

नुसतं जास्त काम असतं तर एवढी तक्रार झाली नसती. अडचण बॉक्स लपवण्याच्या पद्धतीत आहे. काही बॉक्स कॅमेऱ्याच्या पाठीमागे असतात, काही पुढच्या झाडाआड, काही पडद्याच्या खालच्या कडेबाहेर. लांब लेव्हलमध्ये शेकडो बॉक्स, शेवटी पाटी येते आणि एकच कमी. तो एक कुठे राहिला हे गेम सांगत नाही. मी एका लेव्हलमध्ये तीनदा हेच केलं. तिसऱ्या वेळी कळलं की तो बॉक्स अगदी सुरुवातीला, मी उभा होतो त्याच जागेच्या मागे, पडद्याच्या दिशेने चालत गेलं की दिसतो. त्या दिवशी मी कंट्रोलर शांतपणे खाली ठेवला आणि ठरवलं की हा गेम मी माझ्या मनाप्रमाणे खेळणार. जुन्या गेममध्ये लपवलेली गोष्ट सापडली की ‘अरे वा’ म्हणावंसं वाटायचं, कारण निळ्या जेमसारखं त्यात काहीतरी डोकं होतं. इथे बऱ्याचदा नुसती झडती असते. बनवणाऱ्यांच्या एवढ्या सुंदर कामात हीच एक गोष्ट मला मनापासून खटकते.

माझा सल्ला असा: पहिल्या फेरीत जेमकडे बघूच नका, कथा संपवा. नंतर ज्या लेव्हल आवडल्या तेवढ्याच परत खेळा. टाइम ट्रायलचा नाद लागला तर आधी तिहेरी गिरकी शिका. ठरावीक तालात गिरकी लागोपाठ तीनदा मारली की क्रॅश जास्त अंतर कापतो, आणि ती आल्यावर वाटाच वेगळ्या दिसायला लागतात.

चौथ्या भागातल्या टॉना, डिंगोडाइल आणि कॉर्टेक्स या दुसऱ्या पात्रांच्या लेव्हल कशा आहेत?

मतं वाटलेली आहेत. दुसऱ्या विश्वातली टॉना हूक फेकते, डिंगोडाइलकडे सगळं ओढून घेणारी नळी आहे, कॉर्टेक्स बंदुकीने शत्रूची फळी करून त्यावरून उडी मारतो. तिघांचीही चाल वेगळी आणि मजेशीर. डिंगोडाइलचा जड, डुलणारा वेग मला विशेष आवडला. पण या लेव्हल अर्ध्यावर संपतात आणि उरलेला अर्धा भाग म्हणजे आधी खेळलेलीच लेव्हल क्रॅशबरोबर, बॉक्स मात्र वेगळ्या जागी. गोष्टीची दुसरी बाजू दिसते ही कल्पना छान आहे. दोन-तीनदा ठीक, त्यानंतर पुनरावृत्ती जाणवते.

चौथ्या भागातल्या फ्लॅशबॅक टेप (जादा लेव्हल उघडणाऱ्या व्हिडिओ टेप) शोधायच्या का?

नक्की. एकूण २१ आहेत. लेव्हलमध्ये टेपपर्यंत एकदाही न मरता पोचलात तरच ती हाती लागते. आत १९९६ च्या काळातल्या चाचण्या आहेत: कॉर्टेक्स क्रॅश आणि कोकोला बॉक्सच्या कोड्यांतून धावायला लावतो आणि मागे त्याचा आवाज चालू असतो. खाली जमीन नाही, फक्त बॉक्स, आणि कुठला आधी फोडायचा ते चुकलं की सुरुवातीपासून. कठीण आहेत, पण प्रत्येक कोडं डोळ्यांसमोर उघडं असतं, काही लपवलेलं नसतं. माझ्या मते मालिकेतली सगळ्यात नेटकी रचना इथे आहे.

रेसिंग आणि बाकीच्या गेमचं काय?

‘क्रॅश टीम रेसिंग नायट्रो-फ्यूल्ड’ २०१९ च्या जूनमध्ये आला. गाडी चालवणं अप्रतिम, वळणावर घसरत वेग वाढवण्याची जुनी कसरत नीट जपली आहे. प्रकाशनानंतर त्यात खऱ्या पैशांनी नाणी विकत घेण्याची सोय आणली गेली आणि लोक दुखावले. ते दुखावणं मला समजतं, कारण आधी सगळं खेळून मिळत होतं. २०२३ चा ‘क्रॅश टीम रंबल’ हा चार विरुद्ध चार असा ऑनलाइन सामना आहे. उड्या मारणाऱ्या क्रॅशच्या शोधात असाल तर तो तुमच्यासाठी नाही. मोबाइलवरचा ‘ऑन द रन’ २०२३ मध्ये बंद झाला.

लहान मुलांना द्यावा का?

हिंसा कार्टूनसारखी आहे, अमेरिकेत दहा वर्षांपुढच्यांसाठी असं वर्गीकरण आहे. प्रश्न हिंसेचा नाही, धीराचा आहे. सात-आठ वर्षांचं मूल पहिल्या भागात रडकुंडीला येईल. ‘वॉर्प्ड’ द्या, शेजारी बसा आणि मेलं की कंट्रोलर एकमेकांना द्या. आम्ही तेव्हा असंच खेळायचो.

कुठल्या यंत्रावर घ्यावा?

त्रयी पीसीवर सेकंदाला ६० फ्रेमने (चित्रांनी) चालते आणि उडीच्या वेळेत तो फरक हाताला जाणवतो. चौथा प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्सवर सगळ्यात गुळगुळीत आहे. स्विचवर ३० फ्रेम आणि चित्र थोडं मऊ, पण प्रवासात खेळायला छान.

पाचवा भाग येणार का?

जाहीर झालेलं आहे ते एवढंच: मालिकेचे हक्क नंतर ज्या अॅक्टिव्हिजन कंपनीकडे आले होते तिच्याबरोबर ते ऑक्टोबर २०२३ पासून मायक्रोसॉफ्टकडे गेले, आणि टॉइज फॉर बॉब २०२४ मध्ये वेगळी होऊन स्वतंत्र कंपनी झाली. व्हिकेरियस व्हिजन्स त्याआधीच ब्लिझार्ड कंपनीत विलीन झाली होती. म्हणजे क्रॅशला परत आणणारे दोन्ही संघ आज त्या जुन्या जागी नाहीत. पुढचा गेम ज्यांच्या हाती जाईल त्यांनी चौथ्याची उडी घ्यावी आणि दुसऱ्याची गुपितं, एवढीच माझी इच्छा आहे.

त्रयी घेतली, पण अजूनही पहिल्या पुलावरच पडतोय. काय करू?

डी-पॅडवर अंगठा ठेवा. फळीच्या कडेला पोचल्यावरच उडी मारा, आधी नाही. बटण टॅप करू नका, क्रॅश उतरेपर्यंत दाबून ठेवा. उतरल्यावर लगेच पुढची उडी न मारता एक क्षण थांबा. कोसळणाऱ्या फळीवर मात्र अजिबात थांबू नका. आणि लागोपाठ दहा वेळा पडलात तर तो पूल सोडून दुसऱ्या भागातली एखादी लेव्हल खेळून या. परत याल तेव्हा अंगठा शांत झालेला असेल.